कोणती बोरी?

आमच्या मुख्य मशीनचं नाव सूर्य होतं. ते यवतमाळला माझ्या टेबलाखाली दिवसभर घरघरत असायचं. बाकीची मशिनं जिल्हाभर पसरलेली होती: कळंबला बुध, आर्णीला मंगळ, वणीला गुरू, घाटंजीला शनी. ग्रह संपल्यावर नक्षत्रं सुरू झाली होती. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी असं करत करत आम्ही स्वातीपर्यंत पोचलो होतो.

कापसाची ती वाईट वर्षं होती. एका साली पानं लाल पाडणारा लाल्या, तर पुढच्या साली मिलीबग नावाची पांढरी कीड. बियाणं नवं, औषधं नवी, किडीही नव्या. कोणत्या किडीवर काय करायचं ते गावात कोणालाच नीट ठाऊक नसायचं आणि दुकानदार सांगेल तो डबा फवारला जायचा. म्हणून जिल्ह्यासाठी एक प्रकल्प निघाला. तालुक्याच्या आणि मोठ्या बाजाराच्या गावांत एकेक कॉम्प्युटर ठेवायचा, शेतकऱ्यांनी शेतात काय दिसतंय ते तिथे येऊन सांगायचं, तो निरोप टेलिफोनच्या तारेवरून यवतमाळला यायचा आणि आमच्याकडच्या कीडतज्ज्ञांनी सल्ला द्यायचा किंवा गाडी काढून स्वतः जायचं. मी तेव्हा नुकती इंजिनियर झालेली होते. मशिनं चालू ठेवणं आणि कोणतं मशीन कुठे आहे त्याची यादी ठेवणं हे माझं काम.

ग्रहताऱ्यांची नावं पुण्याच्या सल्लागारांनी दिली होती. ऐकायला छान वाटायची. पण घाटंजीच्या केंद्रावर ज्या बाई बसायच्या त्यांचा पहिल्याच आठवड्यात फोन आला.

"मॅडम, आमच्याच मशीनचं नाव शनी काहून ठेवलं?"

"अहो, नुसतं नाव आहे ते."

"नुसतं कसं? परवा लाइन गेली तं लोक म्हणतात, शनी बसला तिथं, कशी चालन लाइन? एक जण लिंबू-मिरची बांधून गेला मशीनले."

मी खूप हसले. लिंबू-मिरची तेवढी पंख्याजवळून काढा, आत धागा जाईल, असं सांगून फोन ठेवला. या नावांनी एक दिवस माझी मान खाली जाईल असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

श्रावणातली गोष्ट. दुपारी एक बाई आमच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीचं तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं.

"मशीन कोन पाहाते इथं?"

"मी."

त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आत कपाशीची एक फांदी होती. देठापासून शेंड्यापर्यंत पांढरी, पीठ भुरभुरावं तशी. मिलीबग मी तोवर फक्त फोटोत पाहिला होता.

"बोरीहून आली मी. चार दिवस झाले निरोप देऊन. तुमची गाडी आलीच नाही."

"गाडी गेली होती बाई," मी म्हटलं. "परवाच गेली होती. पाटणबोरीला. तिथे तर काही सापडलं नाही."

"पाटणबोरीले? आमची बोरी अरब. दारव्ह्याची. पाटणबोरी तं पार तिकडे आंध्राच्या अंगाले. तथी कायले गेली गाडी?"

मी यादी काढली. निरोप 'रोहिणी'वरून आला होता आणि निरोपात नुसतं 'बोरी' लिहिलेलं होतं. यादीत रोहिणीपुढे पाटणबोरी. आणि मग मला आठवलं. उन्हाळ्यात पाटणबोरीचं मशीन दुरुस्तीला आलं होतं. त्याच वेळी बोरी अरबचं मशीन जळालं, म्हणून दुरुस्त झालेलं मशीन मी तिकडे पाठवलं आणि पाटणबोरीला नवं दिलं. नाव मशीनच्या पोटात होतं, त्यामुळे रोहिणी मशीनबरोबर जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली. यादीत मी ते लिहिलंच नाही. चूक सरळ सरळ माझी होती.

ते सगळं मी त्यांना सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "तुमच्या मशीनले आपलं गावच ठाऊक नाही."

गाडी त्याच दुपारी त्यांना घेऊन बोरी अरबला गेली. धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, ओळी उपटून जाळाव्या लागल्या, कीड जिथे लपते ते गाजरगवत काढावं लागलं. आतलं शेत वाचलं. चार दिवस आधी गेलो असतो तर धुराही वाचला असता असं तज्ज्ञ परत आल्यावर म्हणाले. मला ऐकवण्यासाठी नाही, पण मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रकल्पाच्या साहेबांकडे गेले. निवृत्तीला आलेले, शेतीखात्यात जन्म गेलेले गृहस्थ. "साहेब, सगळ्या मशिनांची नावं बदलायची. ग्रह नकोत, नक्षत्रं नकोत. गावाची नावं हवीत."

"मला चालेल," ते म्हणाले, "पण पुण्याच्या सल्लागार सरांना विचारा. मशिनांचं हे जाळं त्यांनी बांधलंय."

पुण्याच्या सरांनी फोनवर माझं सगळं ऐकून घेतलं. माणूस सज्जन, आवाज कधी चढायचा नाही. ते म्हणाले, "हे बघा, नावाला अर्थ असला की ते खोटं पडू शकतं. मशीन हलवलं की गावाचं नाव खोटं. गाव दुसऱ्या तालुक्यात गेलं की तालुक्याचं नाव खोटं. रोहिणी कधीच खोटी पडत नाही. तुमची यादी खोटी पडली, नाव नाही."

ते म्हणत होते ते खरंही होतं.

"महिनाअखेरीला बैठकीला येतोच आहे," ते म्हणाले. "तोवर आराखडा करा. माझ्या शंकांना उत्तरं असतील तर मीच मंजूर करीन."

त्या दिवशी मी घरी येऊन दारापुढच्या ओट्यावर तशीच बसून राहिले. बाबा शेजारी चहा पीत होते. बाबांची सगळी नोकरी पोस्टात टपालाची गावांनुसार विभागणी करण्यात गेली. समोर पत्रांचा ढीग आणि मागे लाकडी खणांची भिंत, यांच्यामध्ये तीसेक वर्षं उभे राहिलेले. जिल्ह्यातलं बारकं गावही त्यांना खणासकट पाठ होतं.

"काय झालं बेटा?"

मी सांगितलं. बोरी अरबच्या बाई, रोहिणी, पुण्याचे सर, सगळं.

त्यांनी कप खाली ठेवला. "मले सांग, पत्ता कुठून वाचतात?"

"वरून. आधी माणसाचं नाव."

"वरून पोस्टमन वाचते. आमी खालून वाचाचो. आधी जिल्हा, मंग तालुका, मंग गाव. माणसाचं नाव आमाले लागाचंच नाही. ज्याचं काम त्यानं तेवढंच वाचाचं."

मी उठून उभी राहिले. कॉम्प्युटर नेमकं हेच करतो! ठिपके देऊन लिहिलेलं लांबलचक नाव तो शेवटाकडून वाचत येतो. आधी मोठं घर, मग त्यातली खोली, मग खोलीतलं टेबल. कॉलेजात मी हे पुस्तकातून पाठ करून परीक्षा दिली होती, आणि माझ्या घरातला माणूस रोज आठ तास ते हातांनी करत होता. मला त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"आणि मशीन हलवलं तर?" मी विचारलं.

"पोस्टमनची बदली झाली म्हणून गावाचं नाव बदलते काय? नाव टेबलाले द्या ना. मशीन येते-जाते. त्याचा नंबर त्याच्या पाठीवर खडूनं लिहून टाका."

त्या संध्याकाळपासून आम्ही दोघं कामाला लागलो. आईनं दोन दिवस आमचं कौतुक केलं, मग जेवायला वेळेवर या एवढंच म्हणू लागली.

जाळ्यातल्या प्रत्येक मशीनला दोन ओळखी लागतात. एक माणसांसाठी नाव, एक मशिनांसाठी आकडा. आकड्याचे चार भाग असतात. पहिला दहा, तो सगळ्यांना सारखा. दुसरा आम्ही तालुक्याला दिला, तिसरा गावाला, चौथा टेबलाला. आता तालुक्यांना क्रम कसा द्यायचा? अक्षरानुसार दिला तर लक्षात राहीना. बाबा म्हणाले, यवतमाळातून निघ आणि घड्याळाच्या काट्यासारखी जिल्ह्याला फेरी मार. म्हणून यवतमाळ एक, बाभुळगाव दोन, कळंब तीन, राळेगाव चार, असं मारेगाव, वणी, झरी, पांढरकवडा, घाटंजी, आर्णी, महागाव, उमरखेड, पुसद, दिग्रस, दारव्हा करत सोळावं नेर.

नावही पत्त्यासारखंच, आधी गाव, मग तालुका, मग जिल्हा. पण नावांची गोष्ट अवघड होती. वडगाव जिल्ह्यात किती, ते बाबा बोटं मोजून सांगू लागले आणि दोन्ही हातांची बोटं संपली. पण त्यांचं म्हणणं असं की लोकांना हा प्रश्न आपल्या आधी पडलेला असतो. म्हणून तर वडगाव जंगल झालं, बोरी अरब झाली, पाटणबोरी झाली. लोकांनी लावलेलं जे शेपूट असेल ते कापायचं नाही. शेपूट नसेल तिथे तालुका आहेच. तालुक्याचं कागदावरचं नाव केळापूर, गाव पांढरकवडा, त्याचं काय करायचं? "पत्र पांढरकवड्यालेच येते," बाबा म्हणाले. विषय संपला.

मग शेवटची अडचण. मशीनमध्ये नाव इंग्रजी अक्षरांत जाणार. वणी 'व्ही'नं की 'डब्ल्यू'नं? दारव्ह्यात 'एच' घालायचा का, आणि घातला तर कुठे? एक अक्षर चुकलं की निरोप गेलाच नाही म्हणून समजायचं. मी स्वतःच ठरवून टाकणार होते. बाबा म्हणाले, "आपल्या गावाचं नाव कसं लिहाचं ते गावच्याले विचार. पोस्टकार्ड टाकाले सांग सगळ्याइले."

मी सगळ्या केंद्रांना फोन केले. तुमच्या गावाचं नाव तुम्ही इंग्रजीत जसं लिहिता तसं, मोठ्या अक्षरांत, एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आठवडाभरात कार्डं यायला लागली. पहिल्या खेपेला सहा आली, मग रोज येतच राहिली. काहींनी नुसतं नाव लिहिलं, काहींनी खाली सही-शिक्का मारला. कळंबच्या केंद्रचालकानं कोपऱ्यात गणपती काढला होता. राळेगावच्या कार्डावर दोन नावं लिहून एक खोडलेलं, आणि खाली मराठीत, 'शाळेच्या मास्तरांना विचारून पक्कं केलं.' घाटंजीच्या बाईंनी नावाखाली जाड रेघ मारून लिहिलं होतं, 'शनी कृपया काढणे.'

आम्ही ती कार्डं बैठकीच्या खोलीत जमिनीवर मांडली. यवतमाळ मधे, बाकीची सभोवती, जिथल्या तिथे. बाबा वर्तमानपत्र गुंडाळून त्याच्या टोकानं कार्डं सरकवत होते: "उमरखेड आणखी खाली. पैनगंगेच्या काठाशी. हं." मी उभी राहून बघितलं तर आमचा अख्खा जिल्हा फरशीवर होता, प्रत्येक गाव आपल्या हातानं आपलं नाव लिहून बसलेलं.

महिनाअखेरीला बैठक भरली. सगळे केंद्रचालक आले होते. पुण्याचे सर पहिल्या रांगेत वही उघडून बसले. मी बोलायला उभी राहिले आणि बोरी अरबच्या बाईंपासून सुरुवात केली. चूक कोणाची होती तेही सांगितलं. मग आराखडा मांडला. नाव मशीनचं नाही, जागेचं. मशीन कुठेही जावो, ज्या टेबलावर बसेल त्या टेबलाचं नाव घेईल. यादी चुकली तरी नाव खरं राहील, कारण मशीन लावणारा माणूस त्याच गावात बसलेला असतो.

"आणि उद्या नवा तालुका झाला तर?" सरांनी विचारलं.

"सतरा नंबर रिकामा आहे सर. पुढचेही बरेच."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे न बघता मागे वळून केंद्रचालकांना विचारलं, "तुमच्यापैकी कोणीही सांगा. दहा, सात, दोन, एक. हे मशीन कुठे आहे?"

आकड्यांचा कागद त्यांना त्याच सकाळी दिला होता. पाठ कोण करणार?

घाटंजीच्या बाई उभ्या राहिल्या. कागद खाली खुर्चीवरच राहिला. त्यांनी अंगठा पहिल्या बोटाच्या पेरावर ठेवला आणि मोठ्यानं मोजायला लागल्या. "यवतमाळातून निघाली. बाभुळगाव, कळंब, राळेगाव, मारेगाव, वणी, झरी. सात. झरी तालुका. झरीतलं दुसरं केंद्र म्हणजे मुकुटबन. मुकुटबनचं पहिलं टेबल."

मुकुटबनचा केंद्रचालक तिसऱ्या रांगेतून ओरडला, "मीच तो!"

सभागृहात एकच हशा झाला. सरही हसले. "आता मला सांगा," ते बाईंना म्हणाले, "चित्रा कुठे आहे?"

"कोन चित्रा?"

"तुमच्या जाळ्यातलं एक मशीन. नाव मीच दिलंय." ते माझ्याकडे वळले. "मलाही आठवत नाही ते कुठे आहे. मंजूर."

टाळ्या कोणी सुरू केल्या ते कळलं नाही. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी खाली बसले आणि मला एकदम जोराची भूक लागली.

पुढच्या रविवारी आम्ही नावं बदलली. सगळी एका दिवसात बदलायची, नाहीतर अर्धे ग्रह आणि अर्धी गावं असा गोंधळ झाला असता. अडचण लोडशेडिंगची होती. त्या दिवसांत प्रत्येक तालुक्याची वीज वेगळ्या वेळी जायची. मी आदल्या दिवशी सोळाही ठिकाणच्या वेळा विचारून तक्ता केला आणि सकाळी सातला फोनजवळ बसले. पुण्याचे सर थांबून राहिले होते. त्यांनी स्वतःहून दुसरा फोन घेतला.

"बंद करा. सुरू करा. आता जुनं नाव पुसा. पोस्टकार्डावर लिहिलं होतं तेच टाका, एकेक अक्षर मला मोठ्यानं वाचून दाखवा." हे मी त्या दिवशी किती वेळा म्हटलं याला गणती नाही. माझ्या पडद्यावर आधी यवतमाळ आलं. मग कळंब. मग वणी, पुसद, दिग्रस. प्रत्येक नाव उमटलं की सर भिंतीवरच्या नकाशात एक टाचणी लावायचे. दुपारी दारव्ह्याखाली बोरी अरब आली आणि पांढरकवड्याखाली पाटणबोरी. दोन्ही नावं पडद्यावर वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकींपासून लांब. मी खुर्ची मागे सारून ती नुसती बघत बसले. फोनवर घाटंजी वाट पाहत होती.

"झालं काय मॅडम?"

"झालं. शनी गेला. तुम्ही आता घाटंजी."

"थांबा, सगळ्याइले सांगते," असं म्हणून त्यांनी फोन तसाच टेबलावर ठेवला. मागे कोणीतरी जोरात शिट्टी वाजवल्याचं मला ऐकू आलं.

नेरची वीज चार वाजता आली. सव्वाचारला सोळावा तालुका पूर्ण झाला. सरांनी शेवटची टाचणी लावली आणि म्हणाले, "हे मी दुसऱ्या जिल्ह्यांतही वापरणार आहे. तुमचं नाव सांगून." त्यांनी तसं केलंही. त्या वर्षी दोन जिल्ह्यांतून मला फोन आले आणि दोन्ही वेळा मी सांगितलं की आधी पोस्टकार्डं मागवा.

आठवड्याभरात पहिली कसोटी आली. मारेगाव तालुक्यातून सकाळी दहाला निरोप आला, पात्या, म्हणजे कपाशीच्या कळ्या, गळतायत आणि पानं लाल पडतायत. नाव वाचायला तज्ज्ञांना माझी यादी लागली नाही. ते सरळ गाडीत जाऊन बसले आणि दुपारच्या जेवणाआधी शेतात उभे होते. त्या हंगामात गाडी एकदाही चुकीच्या गावाला गेली नाही. कापसाचं दुखणं आमच्या नावांनी बरं होणार नव्हतं, ते मला ठाऊक होतं. पण हाक मारणारा कुठून हाक मारतोय ते तरी आता आम्हाला पहिल्या शब्दात कळत होतं.

दिवाळीनंतर झरीच्या केंद्रचालकाचा फोन आला. कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, म्हणजे वस्तीवर, डोंगराच्या कडेला, शाळेच्या खोलीत आम्ही एक जास्तीचं मशीन दिलं होतं.

"मॅडम, अडचण झाली. हा पोड गावांच्या यादीतच नाही. कागदावर तो खालच्या गावात मोजतात. खालच्या गावाचंच नाव टाकू काय?"

"तिथले लोक काय म्हणतात?"

"ते आपल्या पोडाचंच नाव सांगतात. गावाचं कोणी घेत नाही."

"मग तेच टाका. झरीत पुढचा आकडा रिकामा आहे."

"नाव इंग्रजीत कसं लिहू? आजपर्यंत कोणी लिहिलंच नाही."

मी म्हटलं, पोडावरच ठरू द्या. चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं. तिथल्या शाळेच्या गुरुजींनी नाव तीन प्रकारे लिहिलं होतं, आणि पोडाच्या नायकानं म्हणजे प्रमुखानं मधलं निवडून त्याखाली आपल्या शाई लावलेल्या अंगठ्याचा ठसा उमटवला होता. मी ते मधलं नाव अक्षर न् अक्षर फोनवर सांगून पोडावरच्या मशीनमध्ये घालायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर ते नाव उमटलं. आधी पोड, मग झरी, मग यवतमाळ. खाली गुरुजींनी लिहिलेला निरोप होता: 'नायक सांगून राह्यले की कपाशी चांगली आहे. कीड नाही. गाडीची गरज नाही, पण जेवायला या.'

मी निरोप साहेबांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी तो मला पुन्हा वाचायला लावला. मग तज्ज्ञांना बोलावून म्हणाले, "रविवारी गाडी काढा."

आम्ही सगळे गेलो. अख्खा पोड शाळेपुढे जमला होता. जेवायला ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि ताजा ठेचा होता. जेवण झाल्यावर पोडातल्या बायका एकेक करून शाळेच्या खोलीत आल्या, पडद्यावरचं आपल्या पोडाचं नाव बोटानं दाखवत एकमेकींना वाचून दाखवू लागल्या, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही ते एकदा दाखवल्यावर दुसऱ्या वेळी आपणहून बरोबर सापडलं.